अळ्या काही मरेनात

३ फेब्रुवारी. बारामती.
आजपासून शिस्त. सकाळी सहाला लॅब. (उठलो साडेआठला, पण मनानं सहालाच उठलो होतो.) प्रयोग सोपा आहे. रोग करणाऱ्या यीस्टमधला एक जीन मी काढून टाकलाय. माझा दावा: तो जीन गेला की यीस्टची नांगी मोडते. मेणकिड्याच्या अळ्यांना टोचून बघायचं. मूळ यीस्ट टोचलेल्या काळ्या पडून मरणार, जीन काढलेलं टोचलेल्या मजेत जगणार. वीस तारखेला पीएचडीच्या कमिटीपुढे सेमिनार. रिझल्ट नसेल तर विषय प्रतिक्षाला देईन, असं माझ्या गाइड माधवी मॅडम म्हणाल्या. प्रतिक्षा माझी ज्युनिअर. मॅडमना विनोदबुद्धी आहे तर!

८ फेब्रुवारी. निरवांगी, घरी.
माझे चुलते तात्या, त्यांच्या डाळिंबाच्या बागेत मधपेट्या आहेत, त्यांतून अळ्या काढल्या. तात्या म्हणाले, पेट्यांचं पार वाटुळं केलंय ह्यांनी, समद्या घिऊन जा. विज्ञानाला समाजाचा पाठिंबा मिळतो तो असा.

१३ फेब्रुवारी.
दोन्ही गट टोचले. नेम अगदी अचूक. ग्लोव्हला तेवढं दोनदा टोचलं.
सायं. इनक्युबेटर बंद पडला! अळ्यांना सदतीस डिग्री हवी. प्रतिक्षा म्हणाली, मॅडमना विचारा, टोचलेल्या अळ्या लॅबबाहेर न्यायच्या नसतात. नियम सामान्य माणसांसाठी असतात. आईची कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायची बल्बची पेटी आहे की. दोन डबे, झाकणांवर 'मूळ' आणि 'जीन नाही' लिहिलं, पिशवीत घातले आणि एसटीनं निरवांगी. आईला बजावलं, लक्ष ठेव. मी उलट्या पावली परत. स्लाइड्स जास्त महत्त्वाच्या.

१७ फेब्रुवारी.
आईला फोन. म्हणाली, समद्या झ्याक वळवळत्यात. दोन्ही डब्यांत का, विचारलं. व्हय, दोनीत.
म्हणजे मूळ यीस्टच्याही जगल्या, दावा बुडाला. मग डोक्यात प्रकाश पडला. निरवांगीच्या हवेत मूळ यीस्टसुद्धा निवळलं! जीनपेक्षा हवा मोठी! जुना दावा स्लाइडवरून खोडला. असा शोध रोज लागत नाही. आज झोपतो. उद्या सहाला.

१९ फेब्रुवारी.
डबे आणले. 'मूळ'मधल्या तर आधीपेक्षा गुबगुबीत दिसतात. हवा!

२० फेब्रुवारी. दुपारी.
सेमिनार. हवेचा सिद्धांत मांडला. मॅडमनी अळ्या भिंगाखाली धरल्या. म्हणाल्या, 'मूळ'मधल्या एकीलाही सुईची खूण नाही. मी म्हणालो, जखम भरून आली असेल. त्यांनी स्पीकरवर आईला फोन लावायला लावला. आईनं सगळं मोकळेपणानं सांगितलं. एका डब्यातल्या काळ्या ठिक्कर पडून मेल्या, त्या कोंबड्यांना घातल्या. मग तात्यांच्या पेटीतल्या ताज्या भरल्या. रिकामा डबा लेकाच्या हातात कसा द्यायचा, म्हणाली.
म्हणजे मूळच्या मेल्या, जीन काढलेल्या जगल्या. माझा दावा बरोबर होता! तो मीच खोडला, आणि पुरावा कोंबड्यांनी खाल्ला. मॅडमनी आधी कोंबड्या कोंडून ठेवायला सांगितल्या, मग विषय प्रतिक्षाला दिला.

२१ फेब्रुवारी.
आईवर रागावताही येईना. रात्री पुन्हा तिचा फोन, अळ्या आवडल्या का म्याडमना? हो म्हणालो. फार वाईट वाटलं.
उद्यापासून शिस्त. सकाळी सहाला लॅब. प्रतिक्षाला अळ्या धरून द्यायच्या आहेत.
मॅडमनी दोन्ही डबे उकळून, धुऊन परत दिले. रिकामे.