मोटार उजवीकडे बसते

१३ फेब्रुवारी १९३८, रवि.
कापसाचं जिनिंग बंद, मला सुट्टी, म्हणून दिवसभर मोटारीखाली. मागच्या दोन्ही कमानींचे, म्हणजे स्प्रिंगांचे, दोन दोन लोखंडी पाटे काढले. नऊचे सात केले. मागून दाबून पाहिली, गादीसारखी मऊ. खूश होऊन नांदुऱ्याबाहेर काढली, तर पहिल्याच खड्ड्यात मडगार्ड चाकावर बसलं. रबराचा वास घेत परत आलो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत आता पंधरा इं. आधी साडेसतरा होतं.

ज्या वकिलाकडून ही टाकाऊ मोटार घेतली तो म्हणालाच होता, फिटर, हिच्या नादी लागू नका. नादी लागायला दुसरं आहे तरी काय घरात.

१५ फेब्रु., मंगळ.
जानेफळहून सासऱ्यांचं पत्र. बायकोला धाडण्याबद्दल तेच एक वाक्य, चौदा महिने तेच. "द्वारकेची पाठ दणके सोसत नाही, तरी गाडीचा प्रवास तूर्त नको."

बरं. दणके नकोत तर दणके नकोत. म्हणून तर पाटे काढतो आहे. उत्तरात मोटारीचं सविस्तर लिहिलं. कमान कशी असते तेही आकृती काढून दाखवलं.

२० फेब्रु., रवि.
पाटे रहीमभाईंकडे नेले. लोहारकाम त्यांचंच, जिनिंगची कामंही तेच करतात. दोन्हीकडचे सात सात पाटे तापवून त्यांना नवा बाक दिला, तेलात बुडवून पाणी दिलं. बसवले. उंची आली. पण सरळ येईल तर शपथ. डावीकडे साडेसतरा, उजवीकडे सव्वासोळा. मागून पाहिली की लंगडी दिसते.

रहीमभाई म्हणाले, "पाटे तर जोडीनंच तापवले भाऊ. मांगंपुढं झाले असन त मले दाखवा." मी काय दाखवणार. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

स्वैपाक केला नाही. चिवड्यावर भागवलं. तिकडं ती काय जेवली असेल, असा विचार रोज एकदा येतो. आज दोनदा आला.

२३ फेब्रु., बुध.
संध्याकाळी कमानी उलटसुलट करून पाहिल्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. तिरपेपणा जिथल्या तिथं. म्हणजे कमानीचा दोष नाही. रहीमभाईंवर मनातल्या मनात रागावलो होतो, तो उगाच.

२७ फेब्रु., रवि.
तीन रविवार मूर्खासारखे घालवले. रहीमभाई आले, मोटार उभी असते त्या छपरीत तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सरळ उजव्या चाकाकडे गेलं. "गाडीले काऊन दोष देऊन राह्यले? तुमची भुईच तिरपी हाय."

छपरी मीच सारवलेली. पाणी मोरीकडे जावं म्हणून उतार द्वा.नेच ठेवला होता. सारवायला ती बसायची, मी नुसता बघत उभा राहायचो. ती गेल्यावर मी सारवतो, पण उतार तिचाच ठेवत आलो.

मोटार जिनिंगच्या कापसाच्या ओट्यावर नेली. तिथं भुई पातळीत आहे. फरक सव्वा इंचावरून पाऊणवर आला. डा. साडेसतरा, उ. पावणेसतरा. उरलेला पाऊण इंच कुठला?

६ मार्च, रवि.
स्टेपनी उजव्या पायरीवर. पेट्रोलची टाकीही त्याच अंगाला झुकलेली. स्टेपनी सोडवून मागं मधोमध बांधली. पाव इंच सुधारलं. अजून अर्धा.

आणि मी बसलो की? ते कोण मोजणार. एकट्या माणसाला स्वतःचं ओझं मोजता येत नाही. शेवटी चाकाजवळ काठी उभी बांधली, वर खडू. गाडीत चढून बसलो, उतरलो, मडगार्डवर रेघ उमटलेली. माझ्यामुळं उजवी बाजू आणखी पाऊण इंच खाली. उजव्या कमानीत काढलेला एक पाटा परत घातला.

१३ मार्च, रवि.
जमलं. मी स्टिअरिंगच्या चाकामागं बसलेलो असताना दोन्हीकडे सतरा. काठीनं चार वेळा पडताळलं. वडनेर भोलजीपर्यंत जाऊन आलो, कुठं घासली नाही, कुठं आपटली नाही. मांडीवर पाण्याचा तांब्या ठेवला होता, थोडंच सांडलं. इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. घरी येऊन कडी काढली आणि सांगायला कोणी नाही हे नव्यानं कळलं. रोज कळतं, तरी नव्यानं.

१५ मार्च, मंगळ.
फजिती. रहीमभाईंना घरी सोडायला निघालो, ते मागं डावीकडे बसले. बसताच डावीकडचं मडगार्ड चाकाला टेकलं. खाली उतरून त्यांनी वाकून पाहिलं. म्हणाले, "भाऊ, हे त तुमच्या एकट्याच्या मापाची करून ठेवली. दुसरं माणूस बसनच कसं?"

मग त्यांनी समजावलं, रागावून नाही. त्यांच्या हातून बैलगाड्यांच्या चाकांवर शंभर लोखंडी धावा चढल्या असतील. "रिकाम्या गाडीचं माप कोनी घेते काय? गाडी भराव, मंग पाहाव." दमणीत माणसं बसली की गाडीवान त्यांना पुढंमागं सरकवतो, बैलांच्या मानेवर जास्त भार नको, अन् गाडी मागं उलटायलाही नको. लहानपणापासून बघत आलो. लोखंडाची गाडी आली की अक्कल गहाण पडते.

ते चालत गेले. चाकामागं मी, आणि बाकी रिकामं.

१८ मार्च, शुक्र.
होळी झाली. शेजाऱ्यांनी पुरणपोळी दिली, गार होईपर्यंत खाल्ली नाही.
द्वा.च्या जागी सरकीचं पोतं ठेवायचं ठरवलं. पण किती भरायचं? लग्नाला पाच वर्षं झाली आणि बायकोचं वजन माहीत नाही. अंदाजानं सव्वा मण भरलं. मागं डावीकडे, तिच्यासाठी केलेल्या गादीवर ठेवलं. डावीकडच्या कमानीतही एक पाटा परत घातला.

२० मार्च, रवि.
सासऱ्यांचं पत्र. द्वारका फार वाळली आहे, असं. पोत्यातून दहा शेर सरकी काढली. पुन्हा मोजलं, डावीकडची कमान जरा सैल केली. सरकी ओंजळीनंच काढली. पोतं ढिलं पडलं, गादीवर कलंडलं. बांधून सरळ बसवलं.

२७ मार्च, रवि.
सगळं झालं. मी आणि पोतं, दोन्हीकडे सतरा. आता निघायला हरकत नाही.
आज निघालो नाही. ब्रेक तपासले.

३० मार्च, बुध.
जिनिंगचा हंगाम संपला, इंजिन थंड. सुट्टीच सुट्टी. तरी निघालो नाही. बोल्ट पुन्हा आवळले, आवळलेलेच होते.
रहीमभाई: "गाडी झाली ना भाऊ. आता काय पाहून राह्यले?"
म्हटलं, उंची अजून एकदा...
ते म्हणाले, "उंचीचं नाई हे."

नाहीच. लिहून टाकतो. द्वा. सातव्या महिन्यात माहेरी गेली होती, पहिलटकरणीला पाठवतात तशी. पंधरा दिवसांत मी दमणी घेऊन आणायला गेलो. सासूबाई नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. कारण एवढंच की घरी ताट वाढायला कोणी नव्हतं. घाटात रस्त्याखालून ओढा जातो त्या मोरीजवळ तिला कळा सुरू झाल्या. गाडी तिथूनच जानेफळला परत फिरवली. पोर राहिलं नाही. दणके म्हणा, काही म्हणा, आणायला मी गेलो होतो.
मोटार होत नव्हती तोवर पाठीचं कारण पुरत होतं. आता मोटार झाली. तरीही ती नाही म्हणाली तर मग दणक्यांवर ढकलता येणार नाही. याची भीती वाटते.

३ एप्रिल, रवि. जानेफळ
पहाटे पोत्यासकट निघालो. खामगावात पाणी भरलं, घाट चढताना मोरीजवळ नजर समोर ठेवली. गाडी कुठंही टेकली नाही.

गावात शिरलो तर विहिरीकडून बायका येत होत्या. त्यात द्वा. डोक्यावर दोन घागरी, एकीवर एक, मान ताठ. वाळलेली नाही. अंगानं भरली आहे, उलट. मी गाडी थांबवली. ती थांबली नाही, घागरी घरात ठेवून मग बाहेर आली.

सासरे ओसरीवरून म्हणाले, "या जावाईबापू," आणि जमिनीकडे पाहत राहिले. पाठीचं कोणी काढलं नाही. मीही नाही.

दुपारी तीच बोलली, चहाची कपबशी पुढं ठेवताना. "पाठ केवाचीच बरी झाली. बाबाले मीच तसं लेहाले लावलं."
मी म्हटलं, मला का नाही कळवलं?
"तुमी पत्रात कमानीचंच लेहत गेले. मी बाबाले इचारो, अजून काय लेहलं? बाबा म्हने, पाटे सात हायेत."

राग आला आणि लगेच गेला. तिचं खरं होतं. त्या मोरीबद्दल मी चौदा महिन्यांत एक अक्षर लिहिलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, ताटाचं, हट्टाचं, सगळं. नीट नाही सांगता आलं. ती रिकामी कपबशी हातात धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे मले माहीत होतं. तुमाले माहीत हाय का, ते पाहाचं होतं."

४ एप्रिल, सोम. जानेफळ
सकाळ. ती तयार होते आहे. ट्रंक घेतलेली नाही, फक्त एक लहान गाठोडं. सासूबाईंनी विचारलं, नांदुऱ्याले चालली काय? ती म्हणाली, "मोरीपर्यंत. तिथं उतरीन. तिथून खाली जाचं का वापस याचं, ते तिथंच सांगीन."

मी मागची गादी झटकली. ती म्हणाली, "मांगं नाई. पुढं बसन."
पुढं डावीकडे कोणी बसेल असं मी मोजलेलंच नाही. बसली तर गाडी कशी बसेल, सांगता येत नाही. पोतं उतरवून ओसरीवर ठेवलं. ती आली.