शेवटचं प्रकरण बांधून पाठवते आहे

सोलापूर,
३ मे २०२४

ती. ताईस मुकुंदाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तुझा अंदाज दोन्ही पोचले. पत्र चांगलं आहे. अंदाज नेहमीसारखाच आहे. तीस वर्षं शाळेत पोरांच्या खोड्या पकडणाऱ्या बाईला एकदाही खुनी पकडता येऊ नये, याचं मला आता नवलही वाटत नाही. खून नर्सने केलेला नाही. नर्स बिचारी सातव्या प्रकरणात मरते आणि ती मेल्यावरही तू तिच्यावरच डोळा ठेवून बसलीस. दोरा काप आणि शेवट वाच. परवानगी आहे.

ती भविष्यातल्या शहराची कादंबरी मी थंडीतच संपवली होती, लिहायचं राहून गेलं. त्या शहरात पाणी कधी सोडायचं हे सरकार ठरवतं आणि माणसं पिंपं मांडून वाट बघत बसतात. वाचकाचा थरकाप उडावा म्हणून लेखकाने हे दोनशे वर्षांनंतरचं दाखवलंय. त्याला आमच्या गल्लीत आठवडाभर ठेवून घ्यायची माझी तयारी आहे. आमच्याकडे याला भविष्य म्हणत नाहीत, पाण्याचा वार म्हणतात.

नवं पुस्तक जरा बऱ्या छपाईचं पाठव. हल्ली प्रकाशक शाई फार वाचवतात. त्यातून माझा चष्मा दुकानात दिलाय आणि तो दुकानदार बहुधा नदीवरून वाळू आणून काच स्वतःच तयार करतोय.

सूनबाई ऋतुजा नमस्कार सांगते. चिरंजीव अद्वैत हैदराबादेत मजेत आहे. लोभ आहे तेवढा पुरे, पुस्तकं मात्र वाढव.

तुझा
मुकुंदा

---

अकलूज,
१२ मे २०२४

चि. मुकुंदास अनेक आशीर्वाद, वि. वि.

नर्स मेली याला पुरावा काय, तर नदीकाठी सापडलेला एक बूट. बुटावरून माणूस मेला असं तुझ्यासारख्या शाळेच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनेच मानावं. माझा संशय अजूनही गेलेला नाही.

तुझी सून मला विचारत होती की आत्या, फोन असताना तुम्ही दोघं पत्रं कशाला लिहिता. तिला सांग, तुझ्या सासऱ्यांच्या तोंडात खुनी टिकत नाही. एकदा मी फोन उचलून हॅलो म्हणायच्या आत तू काकाने विष घातलं असं सांगून मोकळा झालास. तेव्हापासून पुस्तकांचा विषय फक्त पत्रात.

एस.टी.च्या पार्सलने नवं पुस्तक पाठवते आहे. नेहमीप्रमाणे शेवटचं प्रकरण चादरीच्या लाल दोऱ्याने बांधलंय. गाठ आपल्या अप्पांची, मिलमध्ये मागावर धागा तुटला की ते मारायचे ती. ती कात्रीशिवाय जात नाही. दाताने तोडू नकोस, दात आता मोजकेच आहेत. आधी तुझा अंदाज कळव, मी बरोबर की चूक ते लिहीन, मग काप. चाळीस वर्षांत हा नियम तू मोडलेला नाहीस. तुझ्यात तेवढा एकच गुण मला सापडला आहे.

आमची बाळाबाई भांडी घासता घासता रोज विचारते की आज कोन मेलं म्हनायचं बाई. मी सांगितलं की म्हणते, लई वंगाळ घर हाय ह्ये, पोथी का वाचत न्हाय तुमी. एकदा तिला पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवली. आता भांडी संपली तरी ती उठत नाही.

साखर किती आहे ते या वेळी लिही. गेल्या तीन पत्रांत मी विचारलं आणि तिन्ही वेळा तू हवामान कळवलंस. ऋतुजाला आशीर्वाद. लोभ मोठ्या बहिणीकडे मागायचा नसतो, तो लादलेलाच असतो.

तुझी
ताई

---

सोलापूर,
९ जून २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुस्तक फार सुंदर आहे. लेखकाने रहस्य अखेरपर्यंत उत्तम राखलं आहे. भाषा ओघवती आहे आणि पात्रं जिवंत वाटतात. माझा संशय वकिलावर होता, पण मला राहवलं नाही आणि तुझ्या परवानगीची वाट न बघता मी दोरा कापून शेवट वाचून टाकला. वाचक सुन्न होतो. पुस्तक ऋतुजाकडून बांधून घेऊन परत पाठवत आहे.

सध्या नवीन काही पाठवू नकोस. या वयात किती खून वाचायचे. थोडं अध्यात्माकडे वळावं म्हणतो.

साखर ठीक. पाऊस बरा आहे. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
मुकुंदा

---

अकलूज,
१७ जून २०२४

चि. मुकुंदास आशीर्वाद. वि. वि. नंतर करू.

पुस्तक मिळालं. दोराही मिळाला. तो मी बांधला तिथेच आहे, अप्पांच्या गाठीचा एक तंतूही हललेला नाही. दोरा न कापता शेवट वाचून सुन्न झालेला माणूस पकडायला गुप्तहेर कशाला हवा, अकलूजची निवृत्त मास्तरीणही पुरते.

आता बाकीचा पुरावा ऐक. तू पुस्तकाची स्तुती केलीस. आजवर एकाही लेखकाला तू धड जेवू दिलेलं नाहीस, आणि आज भाषा ओघवती. ती स्तुती मी शोधून काढली. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर ती शब्दशः छापली आहे, वकीलही तिथेच आहे. शिवाय तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या आहेत आणि सही कागदावरून खाली पडायच्या बेतात आहे. राहिला चष्मा. इतक्या दिवसांत सोलापुरात अख्खा बंगला उभा राहतो. आणि तू अध्यात्माकडे वळणार असशील तर मी सर्कशीत जाते.

या वेळी माझा अंदाज चुकलेला नाही, चुकला असता तर बरं झालं असतं. मुकुंदा, तुला दिसत नाही.

आणि दिसत नसेल, तर हे पत्रही तुला ऋतुजाच वाचून दाखवते आहे. ऋतुजा, थांबू नकोस, बाबांच्या तोंडाकडेही बघू नकोस. पुढचं जरा मोठ्याने वाच. मुकुंदा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी गेला होतास आणि ते काय म्हणाले? ऋतुजा, आता तो विषय बदलेल. बदलू देऊ नकोस आणि मला सविस्तर कळव.

लोभ सध्या स्थगित. उत्तर आल्यावर विचार करू.

ताई

---

सोलापूर,
२२ जून २०२४

ती. आत्यांना ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं मोठ्याने वाचलं. बाबा म्हणाले, दूध उतू जातंय बघ. दूध फ्रिजमध्ये होतं.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. फेब्रुवारीत ते एकटेच दवाखान्यात गेले होते. साखरेमुळे डोळ्यांच्या मागच्या पडद्यांना सूज आली आहे. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल म्हटल्यावर बाबा पाणी पिऊन येतो असं सांगून बाहेर पडले आणि रिक्षा करून घरी आले. आम्हाला म्हणाले की नंबर बदललाय, चष्मा दुकानात टाकलाय. मी बँकेतून दमून येते, चष्म्याच्या दुकानात चौकशी करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमची पत्रं आणि त्या पुस्तकाचं मागचं कव्हरही मी मुकाट्याने वाचून दाखवत राहिले.

काल मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्याला फार उशीर झाला आहे. उजवा वाचेल, पण इंजेक्शनं आता लगेच सुरू झाली तर. महिन्याला एक, अशी तूर्त तीन. थांबलं तर तोही जाईल आणि गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबांचं एकच म्हणणं, माझ्या डोळ्यात कुणीही सुई घालायची नाही. अद्वैतने फोनवर समजावलं तर त्याला त्यांनी हैदराबादचं हवामान विचारलं.

रोज दुपारी ते खिडकीत पुस्तक उघडून बसतात. परवा पुस्तक उलटं होतं. मी ते सुलटं केलं नाही, आत्या. स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते तुमचंच ऐकतील असं वाटतं. बाळाबाईंना विचारलं म्हणून सांगा.

तुमची
ऋतुजा

---

अकलूज,
२५ जून २०२४

चि. मुकुंदास आशीर्वाद, वि. वि. ऋतुजा, हेही मोठ्याने.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात तू आजवर किती मुडदे वाचलेस. जिथे माणसाच्या नखांखाली खिळे ठोकतात, ते प्रकरण तू मला लग्नाच्या पंगतीत ऐकवलंस आणि माझा जिलेबीचा घास तसाच राहिला. जुलमी राजवटींच्या कादंबऱ्या वाचून तू नेहमी म्हणायचास की नायक फार लवकर फुटतो, मी फुटलो नसतो. आणि तू केसाएवढी सुई दिसल्याबरोबर रिक्षा केलीस. ती सुईसुद्धा सरकारी छळछावणीत नाही, पंखा आणि प्यायला थंड पाणी असलेल्या दवाखान्यात.

आता चेष्टा पुरे. मला भीती वाटते आहे, मुकुंदा. तुझे दाजी गेले तेव्हा मी घरात अंधार करून बसले असते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं पार्सल आलं. चिठ्ठीत सांत्वन नव्हतं, फक्त खुनी ओळखून दाखव एवढंच होतं. मी ओळखू शकले नाही, पण उठून दिवा लावला. तुला दिसेनासं झालं तर मी शेवट कुणासाठी बांधायचा?

सोमवारच्या गाडीने येते आहे. ऋतुजाने मंगळवारची वेळ घेतली आहे. अकलूजच्या दुकानातून घाईत एक पुस्तक उचललं आहे, भयंकर भविष्य आणि खून दोन्ही एकातच. वाचायला सवड झाली नाही. न वाचता शेवट बांधण्याची माझी ही पहिलीच वेळ. दवाखान्यात तुझा नंबर येईपर्यंत मी वाचून दाखवीन. नंबर आला की पुस्तक बंद, मग कोणी कड्याला लोंबकळत का असेना. पुढचं ऐकायचं तर सुई टोचून बाहेर ये. नाही तर मी पुढचं बाळाबाईला वाचून दाखवीन आणि खुनी तुला तिच्याकडून कळेल.

लोभ सोबत घेऊन येते आहे. स्टॅंडवर कुणाला तरी पाठवा.

तुझी
ताई

---

सोलापूर,
२० सप्टेंबर २०२४

ती. ताईस मुकुंदाचा सा. न. वि. वि.

ओळी तपासून घे. एकही दुसरीच्या अंगावर चढलेली नाही. पत्र मीच लिहिलं आहे आणि तुझं मागचं पत्रही मीच वाचलं. ऋतुजा बँकेत आहे.

डॉक्टर उजव्या डोळ्यावर खूश आहेत. इंजेक्शनं अजून मधूनमधून लागतील आणि साखर आता ऋतुजा पोलिसासारखी तपासते. डावा डोळा काही सुधारायचा नाही. त्यातून समोर माणूस उभा आहे की कपाट एवढंच कळतं. काही माणसांच्या बाबतीत तसाही फरक करावा लागत नाही.

सुईबद्दल तुला कधी धड लिहिलं नाही. थेंब घालून डोळा बधिर करतात. माझा नंबर आला तेव्हा तू तर तो पळून आलेला पोरगा उसाच्या ट्रॅक्टरखाली दडवून पुस्तक मिटलं होतंस, आणि मुकादम कोयता घेऊन चाकापाशी वाकत होता. मी टेबलावर पडून तो वाकल्यावर काय झालं असेल याचाच विचार करत होतो, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले की झालं. इतका फुसका प्रसंग कुठल्याही बऱ्या लेखकाने कापून टाकला असता. यासाठी मी डावा डोळा घालवला, ते मला फार लागतं. तुला म्हणून लिहितो.

आपल्या शेजारी बसलेला अक्कलकोटकडचा तो सिद्धलिंगप्पा आठवतो ना? त्याचं नाव पुकारलं तरी तो उठेना. ओ बाई, ते पोरगं वाचलं का न्हाय तेवढं सांगा की, असं म्हणत त्याने सगळा दवाखाना थांबवून धरला होता. परवा तो तपासणीला भेटला. अजून त्या मुकादमाला शिव्या देतो.

आता मुद्द्यावर येतो. जाताना तू पुस्तक इथे ठेवलंस. तिसरं इंजेक्शन झाल्यावर मी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एक डोळा, एक भिंग आणि दिवसाला दहा-बारा पानं, फार वेळ लागला. ताई, या पुस्तकात ऊस नाही. ट्रॅक्टर नाही. मुकादम, कोयता, डेअरीमागची विहीर, यातलं काही म्हणजे काहीच नाही. यात एक सरकार आहे आणि त्या सरकारचे डॉक्टर आहेत. जो नको ते बघतो त्याला खुर्चीत बसवून ते त्याच्या डोळ्यात सुई घालतात. पहिल्या प्रकरणापासून घालतात. लेखकाने एकही बारकावा सोडलेला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात, माझ्या शेजारी बसून, तू हे पुस्तक उघडलंस. आणि आवाज जराही न हलवता त्यात सगळं अकलूज घुसवलंस, तेही तिन्ही वेळा. तू मधेच खाकरत होतीस ते तुझ्या जुन्या दम्याने नव्हे, पुढचं सुचेपर्यंत. त्या सिद्धलिंगप्पाने विचारलंही होतं की परदेशातल्या त्या सरकारकडे ऊस कुठून आला, तर तू त्याला गप्प ऐका म्हणून दटावलंस. मी मात्र काही विचारलं नाही. मला ते पोरगं वाचायला हवं होतं.

आता अध्यात्म पुढच्या जन्मी. दिवाळीआधी दोन पुस्तकं पाठव, छपाई कशीही चालेल. लोभ फार आहे, ताई. तो मी आजवर लिहून कळवला नव्हता, एवढंच.

तुझा
मुकुंदा

ता. क. जाताना तू सवयीप्रमाणे संशय नर्सवर ठेवून गेलीस. तेव्हा मी हसलो होतो, कारण तुझ्या गोष्टीत नर्सच नव्हती. काल अप्पांची गाठ कापली. त्या डॉक्टरांना एकेक करून कोण मारतं ते शेवटून दुसऱ्या पानावर आहे. नर्स. चाळीस वर्षांत प्रथमच तू जिंकलीस, आणि हे मला कुणीही वाचून दाखवलेलं नाही.