खुर्चीतल्या म्हाताऱ्याचे कान

बिटॉम, ८ नोव्हेंबर

प्रिय बोगुश,

तू बरा असशील, आणि बर्गेनमध्ये पाऊस असेलच. आई ठीक आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून टपालाने लिहिते आहे. आधी काय घडलं ते सांगते.

१. आपला संगणकावरचा खेळ पूर्ण झाला. मेलेल्या मामाला त्याच्याच नामदिनाच्या, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवशीच्या, जेवणातून, कुणाला कळू न देता, आतल्या खोलीत ओढत न्यायचं. पाहुणे त्याच्या तब्येतीसाठी पेले उंचावत राहतात. सगळं नीट चालतं.

२. शेवटच्या चाचणीत एक चूक सापडली. घरातल्या बोळात खुर्चीवर पेंगणाऱ्या म्हाताऱ्याला ऐकूच येत नव्हतं.

३. त्याचे कान तू एप्रिलमध्ये चाचणीपुरते बंद केले होतेस. चालू करायचे राहिले.

४. मी ते चालू केले. आता जमिनीची फळी करकरते, तो जागा होतो, आणि एकही खेळाडू पुढे जात नाही.

दुरुस्ती छोटी आहे. पण खेळ दोघांचा आहे, आणि म्हातारा बाबांवरून घेतलेला आहे. खोकला तर त्यांचाच, आपण मुद्रित केलेला. "मेल्याचं काम मला द्यायचं होतंत, पाठांतर तरी नसतं," असं ते माईकसमोर म्हणाले होते. तेवढं मी कापलेलं नाही.

एक तारखेला, सर्व संतांच्या सणाला, सगळे बाबांच्या कबरीवर गेलो. एक दिवा आमच्या आधीच जळत होता. क्रिस्टीना आत्याने शेवंतीची कुंडी खाली ठेवली आणि सुरू झाली. "हा कुणी लावला? असा डोक्याशी, कोपऱ्यात? लोकांना काही पद्धतच राहिली नाही!"

"वाऱ्याने सरकला असेल," आई म्हणाली.

जड काचेचा दिवा वाऱ्याने सरकत नाही. तो बाबांच्या उजव्या कानाशी होता. खाणीतल्या सुरुंगांनी डावा गेल्यापासून आपण बोलायला त्याच बाजूला बसायचो. कुणी लावला ते मी ओळखलं, पण आत्याला सांगितलं नाही. तू दफनाला आला नाहीस, यावरही ती बरंच बोलते. मी ऐकून घेते.

आता एप्रिलचं. बाबांच्या नामदिनी, केक यायच्या आधीच तू निघालास. बूट हातात, पायात नुसते मोजे, डुलकी घेणाऱ्या बाबांच्या डाव्या बाजूने. आपल्या खेळातलाच रस्ता. त्यांना कळलं नाही, असं तुला वाटलं.

ती फळी त्यांच्या खुर्चीखालून जाते, बोगुश. मी केक घेऊन गेले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"गेला का गं?"

"कोण?"

"कोण म्हणे! गाढव कुठला. चोरून जायचं तर टाच कशाला टेकवायची?"

"मग थांबवलं का नाहीत?"

"पकडला असता तर आत्याशेजारी बसवावा लागला असता. इतका वाईट नाही मी." मग खोकले. "त्याचा तुकडाही इकडे दे."

दोन्ही तुकडे त्यांनी खाल्ले. गोड खायची मनाई होती. त्यांनी पुन्हा तुझा विषय काढला नाही, पण बोळातला दिवा मात्र घालवू द्यायचे नाहीत. जूनमध्ये ते गेल्यावर मी तुला हे सांगणार होते. तू फोन उचलला नाहीस.

तर माझं म्हणणं असं. म्हाताऱ्याला ऐकू येऊ दे. फळी करकरली की तो एक डोळा उघडेल, बघेल आणि मिटून घेईल. मग मोठ्याने खोकेल, म्हणजे बाकीच्यांना करकर ऐकू जाणार नाही. खेळाडू पुढे जाईल. मी माझ्या संगणकावर करून पाहिलं. चालतं. तपासायचं काही उरलं नाही, तरी पुन्हा पुन्हा लावून बघते.

खेळ २४ तारखेला बाहेर पडेल. घरी येऊन सांगणार असलास तर बूट दारात काढ, हातात घेऊ नकोस. नाहीतर टपालाने. म्हातारा असाच ठेवायचा की परत बहिरा करायचा, हे मला शुक्रवार, २१ नोव्हेंबरपर्यंत कळव.

तुझी बहीण,
यागोदा