सुदेशची साइट मी बघत नाही

१६ एप्रिल २००६, रविवार
कोल्हापूरहून अक्षदाचा फोन. परीक्षा संपतेय, शनिवारी घरी येते. आली की पोरगी आधी कॉम्प्युटरवर बसणार. आणि नेमकं आजच कळलं की इंटरनेटच्या खिडकीत डाव्या हाताला हिस्टरी नावाचं एक चोंबडं खातं उघडतं. कोणी कधी काय बघितलं ते त्यात वारासकट लिहिलेलं. माझं खातं : सोमवार सुदेश, मंगळवार सुदेश, बुधवार सुदेश.

सुदेश माझा चुलतभाऊ. मधे दगडांचा गडगा, पलीकडे तो. तो चार खोल्या पर्यटकांना देतो, मी दोन. तीन वर्षं बोलणं नाही. जत्रेत त्याने आपल्या वेबसाइटची कार्डं वाटली, तेव्हा मी माझं कार्ड अख्ख्या भावकीसमोर फाडलं आणि सांगितलं, असला भिकारपणा मी जन्मात बघणार नाही. तुकडे खिशात टाकले. देवळाच्या आवारात कचरा करायची आपल्याला सवय नाही.

तेव्हापासून विमलाने धोशा लावलाय, आपली पण साइट करूया. मी नवरा म्हणून एकच सांगतो, असल्या साइटी कुत्रंसुद्धा बघत नाही. म्हणजे अक्षदा यायच्या आत हिस्टरी साफ झाली पाहिजे, नाहीतर मायलेकींसमोर तोंड दाखवायला जागा नाही. पाच मिनिटांचं काम.

१७ एप्रिल, सोमवार. सकाळी ९
आधी साइट बघितली. फक्त माडांसाठी. पहिल्याच फोटोत डावीकडचे दोन माड माझे आहेत, लक्ष ठेवायला नको? मधोमध सुदेश खुर्चीत, मागे दोरीवर टॉवेल. याला म्हणे पर्यटन.

मग सेटिंग. हिस्टरी किती दिवस ठेवायची, तिथे वीस होतं. शून्य केलं. बंद करून उघडलं. जुनं गेलं, आजचं तसंच. शून्य म्हणजे शून्य, एवढंही हे बनवणाऱ्यांना कळत नाही.

१८ एप्रिल, मंगळवार
डोकं लढवलं. आजचंच राहतं ना? मग कॉम्प्युटरची तारीखच उद्याची केली. गेलं! खात्री करायला साइट उघडली. उद्याच्या तारखेत सुदेश. निर्बुद्ध यंत्र.

विमला म्हणाली, वाडीतली नर्मदा सांगी होती, तुमचो फोन सकाळचो कायम एंगेज लागता. मी म्हणालो, एक्सचेंजवाले झोपा काढतात. इंटरनेट आणि फोन एकाच वायरीवर, हे मान्य. पण सकाळी नऊ ते बारा खोली बुक करायला कोण शहाणा फोन करतो? यंदा मे महिन्याला अजून एकही बुकिंग नाही. पर्यटकांची अभिरुचीच घसरलीय.

१९ एप्रिल, बुधवार
मालवणात हरिश्चंद्र कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला विचारलं, एका मित्राची अडचण आहे. मान वर न करता म्हणाला, मित्राक सांगा, टूल्स, इंटरनेट ऑप्शन्स, क्लिअर हिस्टरी. काय तो माज.

घरी येऊन केलं. खातं रिकामं! पट्टीत पत्त्याचं पहिलं अक्षर टाइप केलं मात्र, खाली सुदेशची साइट हात जोडून हजर.

२० एप्रिल, गुरुवार
कारण सापडलं. फेब्रुवारीत ती साइट मीच फेव्हरिट्समध्ये टाकली होती. नावडत्यांसाठी वेगळा कप्पा दिलेला नाही, त्याला मी काय करू? त्या यादीत तेवढंच एक नाव होतं. उडवलं. तरी शोधायच्या चौकटीत दोनदा क्लिक केलं की खाली रांग लागते : सुदेश तारकर्ली, सुदेश रूम फोटो, सुदेश रूम फुल्ल का.

२१ एप्रिल, शुक्रवार
हरिश्चंद्राला पुन्हा फोन. ऑटोकम्प्लीट, क्लिअर फॉर्म्स, म्हणाला. वर विचारतो, परशुरामकाका, तुमचो मित्र बघता तरी काय इतक्या? मी म्हणालो, माड. फोन ठेवला.

सगळं साफ. कुकीज उडवल्या, टेम्पररी फाइल्स उडवल्या, तारीख जागेवर आणली. कार्डाचे तुकडे चुलीत. यापुढे ती साइट बघायची नाही. तसाही मी बघत नव्हतोच.

२२ एप्रिल, शनिवार
अक्षदा आली. अर्धा तास कॉम्प्युटरवर. म्हणाली, बाबा, इंटरनेट कोणच वापरणा नाय काय ह्या घरात? मी म्हणालो, वेळ कुणाला आहे? विमला माझ्याकडे बघून म्हणाली, मगे ऱ्हवांदे ती साइट. पूर्ण विजय.

२३ एप्रिल, रविवार. सकाळी ९
दोघी बाजारात. सहज माडांवर नजर टाकावी म्हणून बसलो. पत्ता आठवेना. फुकटातली साइट, हातभर लांब नाव. मधे तीन डॅश आणि एक वाकडी रेघ. रेघ आधी की डॅश? शोधून बघितलं, सापडत नाही. इतकी भिकार, की शोधणाऱ्यालाही ठाऊक नाही. बारा वाजले.

२४ एप्रिल, सोमवार
त्याने फोटो बदलला असेल तर? पाचवी खोली काढली असेल तर? बांगड्याचं तिखलं होतं, घास गेला नाही. भावकीत कुणाला विचारू? कार्ड फाडलं तेव्हा सगळे हजर होते.

२५ एप्रिल, मंगळवार
गडग्यापाशी गेलो. सुदेश झाडांना पाणी घालत होता. म्हणालो, अक्षदाला कॉलेजच्या कामासाठी तुझ्या साइटचा पत्ता हवाय. हात पुसले, आत गेला, कार्ड आणून दिलं. हसला नाही.

मग म्हणाला, परशुरामा, जेणा साइट केल्यान तेणा माका आतसून बघूक, किती जणांनी साइट बघल्यानी ता मोजणारो एक काउंटर लावन दिल्यान हा. रोज सकाळी नवाक हलता, बाराक थांबता. शनवारपासून हललो नाय. माका वाटला, तुझी तब्येत बिघडली.

मी म्हणालो, हो, थोडी कणकण होती.