मामांची वायर, आप्पांची वायर

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. वीस तारखेच्या बैठकीत दूध संघ मला कायम करणार. नेटवर्क सांभाळणारा मी एकटाच, न करून सांगतात कुणाला? पूनमशी माझं लग्न जुळवायचं चाललंय; आईने तिच्या वडिलांना मी कायम झाल्याचं सांगूनही टाकलं. ते दौंडला रेल्वेत आहेत, 'कायम' सोडून त्यांना दुसरा शब्द समजत नाही. डिप्लोमाचे दोन विषय राहिलेत. कोणी विचारलेलं नाही.

५ फेब्रुवारी
वजनकाटा नव्या शेडमध्ये, ऑफिस जुन्या इमारतीत. मधली वायर उपाध्यक्ष मारुतराव आप्पांनी स्वतःच्या पैशाने बसवलेली. आज अध्यक्ष हौसराव मामांनी दुसरी टाकली, स्वखर्चाने, नारळ फोडून. मी लेबलं लावली: 'मामा', 'आप्पा'. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न नव्हता, तरी दोनदा तपासली.
दोन्ही वायरी जिथे जोडतात त्या नेटवर्कच्या डबीवर, म्हणजे स्विचवर, आप्पांचा दिवा हिरवा. मामांचा नारिंगी.

६ फेब्रुवारी
मामांनी विचारलं, आमचाच दिवा का तांबडा? मी म्हटलं, नारिंगी आहे. म्हणाले, रंग नको शिकवू, कारण सांग.
सांगितलं. स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची सोय असते. दोन्ही वाटा उघड्या राहिल्या तर एकीने गेलेला निरोप दुसरीने परत येतो, पुन्हा जातो, गावातल्या अफवेसारखा वाढत राहतो. म्हणून ती एक वाट मिटून ठेवते. बंद नव्हे, राखीव. ती वायर नुसती ऐकत असते. चालू वायर तुटली की उठते.
फार सोपं करून सांगितलं. मामा म्हणाले, म्हंजी आप्पा मरायची वाट बघत बसू का मी? अकाउंट्सच्या अनुपमा मॅडम खोकत बाहेर गेल्या.

७ फेब्रुवारी
वायरींची जागा बदलली. मामा हिरवे. माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं.
दुपारी आप्पा आले. म्हणाले, दहा वर्सं दूध आमच्या वायरीनं गेलं, आन् आता आम्ही नारिंगी व्हय?
बैठकीत निम्मी माणसं मामांची, निम्मी आप्पांची. कायम व्हायला मला दोघेही हवेत.

९ फेब्रुवारी
ठरलं. स्पॅनिंग ट्रीच बंद करायची, म्हणजे दोघेही हिरवे. पुस्तकात असं करू नका लिहिलंय, पण पुस्तक लिहिणाऱ्याला संचालक मंडळ नसावं. मामांना विचारलं. म्हणाले, कसलं झाड ते? आडवं येत आसंल तर तोड.

१० फेब्रुवारी, सकाळी सहा
तोडलं. दोन्ही दिवे हिरवे! आणि असे लुकलुकतात की बघत राहावं. स्पीड दुप्पट झाला असणार.

साडेसहा
काट्यावरचं वजन ऑफिसात पोचत नाही. पावत्या निघत नाहीत. कॉम्प्युटर जुने, एवढा स्पीड त्यांना झेपत नाही.

पावणेआठ
कॅनची रांग रस्त्यापर्यंत. दूध घालायला आलेला ज्योतिबा म्हणाला, इंजिनेर, आमच्या म्हशीला बी दोन वायरी जोड, बघू किती देती. सगळी रांग हसली. मी लक्ष दिलं नाही. माउस बदलला.

साडेआठ
कारण मला माहीत आहे. सकाळपासून माहीत आहे. एक वायर उपटली की संपलं. पण कोणाची? डावीकडे मामा, उजवीकडे आप्पा, दोघेही माझ्या हाताकडे बघत उभे.

नऊ
दोन्ही उपटल्या. न्याय म्हणजे न्याय. निरोप आता फिरत नाही. जातही नाही.

दुपार
वजनं हाताने लिहिली. टँकर उशिरा सुटला. निम्मं दूध नासलं. थंडी कमी झाली आहे, त्याला मी काय करणार?

१३ फेब्रुवारी
संघाने पुण्याहून एकाला बोलावलं. त्याने स्पॅनिंग ट्री चालू केली आणि दोन्ही दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली. आता कोण हिरवं, कोण नारिंगी, कोणालाच दिसत नाही. दोघेही खूश. अशास्त्रीय पद्धत.

२० फेब्रुवारी
बैठक. मामा आणि आप्पांचं आयुष्यात प्रथमच एकमत झालं. हा एकोपा कोणामुळे, हे कोणी बोललं नाही. नेटवर्क आता पुण्याचा माणूस बघणार. मामा म्हणाले, तुला काढलं न्हाई, ईश्वर, राखीव ठिवलंय. तूच म्हणला हुतास ना, चालू तुटला की राखीव उठतो?
पगाराचं विचारलं. आप्पा म्हणाले, राखीवला कसला पगार? नुसतं ऐकायचं.

२१ फेब्रुवारी
निवड झाली, एवढंच आईला सांगितलं. खोटं काहीच नाही. पुण्याचा माणूस कधीही तुटू शकतो, म्हणून फोन पूर्ण चार्ज करून उशाशी ठेवला.
संध्याकाळी वाजला. पहिल्या रिंगलाच उचलला. पूनमचे वडील. पूनमचं दुसरीकडं ठरलंय म्हणाले, मुलगा कायम आहे. तिथलं मोडलं तर कळवतो.
मी म्हटलं, कळवा. मी ऐकतोय.