न्हाणीमागचा टमाट्यांचा वाफा

मी, जिवनबाई मसाजी गडदे, वय सदुसष्ट, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त, राहणार शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. बीपीची गोळी चालू आहे, पण त्याचं कारण शेजारच्या शेळ्या आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. प्रभूने, म्हणजे माझ्या मुलाने, दोनदा विचारलं की आई, कागद करून ठेवतेस का. त्याला दबाव म्हणत असतील तर तेवढा आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. घर. दिरांशी वाटण्या झाल्या तेव्हा आमच्याकडे आलेल्या दोन खोल्या आणि ओसरी प्रभूने घ्यावी. लोखंडी पलंगही त्याचाच. मात्र न्हाणीमागचा चार हात रुंद वाफा या कलमात येत नाही. प्रभूला तिथे फरशी टाकून मोटारसायकलसाठी पत्र्याचं शेड करायचं आहे. तो हिंगोलीहून महिन्यातून एकदा येतो. एका दिवसाच्या मोटारसायकलसाठी चौदा वर्षं कसलेली माती फरशीखाली गाडायची, हे माझ्या पोटच्या लेकराला सुचतं. वाफ्याचं काय करायचं ते कलम ६ मध्ये लिहिलं आहे, आणि खरं तर त्या कलमासाठीच हा सगळा कागद आहे.

कलम २. पोस्टाचं पासबुक, गळ्यातली पोत आणि शिलाई मशीन माझी मुलगी राधिका हिला. ती कळमनुरीला वरच्या मजल्यावर राहते. तिला मी टमाट्याची दोन रोपं दिली होती. तिने ती रंगाच्या डब्यात लावली आणि डब्याला खाली भोकच पाडलं नाही. मुळ्या कुजल्या. वर फोनवर म्हणते, "आई, तुजं रोपच नाजूक हाय." तेव्हा तिला पासबुक द्यावं, रोप देऊ नये.

कलम ३. गावाच्या तक्रारी. १९९३ साली, आपला जिल्हा परभणी होता तेव्हा, औंढ्याच्या प्रशिक्षणात आम्हा सेविकांना परसबागेसाठी बियाण्याच्या पुड्या मिळाल्या. माझ्या वाट्याला टमाट्याची पुसा रुबी ही जात आली. मध्यम चपटं फळ, देठाशी घड्या, चवीला आंबटसर. भाजीला उत्तम. मुख्य म्हणजे तिचं बी घरी धरता येतं, दरवर्षी दुकानात जावं लागत नाही. मी रोपं केली आणि मागेल त्या घरी फुकट वाटली. ती माझी चूक.

अंगणवाडीतली मदतनीस निर्मलाबाई हिने रोपाला मूठभर युरिया घातला. झाड छातीएवढं, पानं काळीभोर, फळ एक नाही. मला येऊन म्हणते, "बाई, तुमी मला नर रोप दिलं." मी तिला परोपरीने सांगितलं की टमाट्यात पपईसारखं नर-मादी नसतं. तिने मान हलवली आणि गावभर सांगितलं की जिवनबाई मादी रोपं घरी ठेवतात. पोस्टमन संतरामने आठ दिवस झाड वाळवलं आणि नवव्या दिवशी वाफा तुडुंब भरला, मग भेगा पडलेली फळं टोपलीत घालून माझ्या दारात आणली. एकीने लिंबाच्या दाट सावलीत लावलं. एकीला बाजारासारखा गोल टमाटा हवा होता. कुणाच्या झाडावर पानं आकसवणारा बोकड्या रोग पडला, तोही माझ्याच रोपाने आणला म्हणे. या सर्व तक्रारी मी ज्याच्या त्याला परत करत आहे. माझ्या पश्चात त्या माझ्या मुलांकडे आणू नयेत.

कलम ४. शेळ्या. माझी धाकटी जाऊ चांगुणाबाई हिचा शेळ्यांचा गोठा माझ्या वाफ्याला लागून आहे. मध्ये कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण. ते दरवर्षी मी घालायचं आणि तिच्या शेळ्यांनी मोडायचं, असा रिवाज पडला. लेंड्यांचं खत मला तिच्याच गोठ्यातून मिळायचं, हे मी नाकारत नाही. पण खत देऊन पीक खायचं, हा कुठला व्यवहार? बरं, चांगुणाबाईला स्वतःला टमाटे चालतही नाहीत. एक फोड खाल्ली तरी अंगाला खाज सुटते. तिने खाल्ले असते तर मी समजून घेतलं असतं.

१९९८ च्या संक्रांतीला मी बियाण्यासाठी तीन फळं राखली होती. भर हंगामातली, निरोगी झाडाची, देठाला लाल दोरा बांधून. दोरा म्हणजे हे तोडायचं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. काबरी नावाच्या शेळीला माहीत नव्हतं. तिने तिन्ही फळं दोऱ्यासकट खाल्ली आणि वाफ्यातली झाडंही बुडापर्यंत फस्त केली. मी चांगुणाबाईला म्हणाले, "तुज्या शेळ्यांना दावं न्हाई आन् तुज्या तोंडालाबी न्हाई. गोठ्यात तूच ऱ्हाय, शेळ्या घरात आन." शेवटचं वाक्य जास्त झालं. तिने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. मीही केलं. काही सांगायचं झालं तर आम्ही काबरीला सांगायचो. "काबरे, त्या बाईला सांग, न्हाणीचं पानी तुंबलं." काबरी मेल्यावर तिच्या पाटीला, म्हणजे तिच्या मादी पिल्लाला, सांगू लागलो.

माझ्याकडे जुनं बी उरलं नव्हतं, सगळं वाटून बसले होते. मी अकरा घरं फिरले. अकराही घरांनी चांगली फळं खाल्ली होती, झाडं उपटून टाकली होती आणि बी कुणीही धरलं नव्हतं. "आमाला वाटलं, बाई देतीलच की." हे ऐकून मी घरी आले आणि न्हाणीत बसून रडले. मसाजी, माझे यजमान, तेव्हा होते. ते म्हणाले, टमाट्यासाठी कुनी रडतं का. त्यांनाही ते समजलं नाही.

कलम ५. कबुली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कुंपणापलीकडे, चांगुणाबाईच्या उकिरड्यावर टमाट्याची रोपं उगवली. फळ धरल्यावर मी पऱ्हाट्यांतून पाहिलं. चपटं, देठाशी घड्या. माझंच. अख्ख्या गावात बी जपलं ते एका शेळीने.

आणि जी बाई जन्मात शेळी बांधत नव्हती, तिने त्या चार झाडांभोवती बोराटीचे काटे लावले. माझं बी तिने बळकावलं असं मी तेव्हा ठरवलं. शेळीच्या पोटातून गेल्याने मालकी जात नाही, हे माझं मत मी तिच्या सर्व शेळ्यांना वेळोवेळी सांगितलं. उपयोग झाला नाही. त्या दिवाळीनंतर ती औंढ्याला बाजाराला गेलेली असताना मी कुंपणातून हात घातला आणि एक पिकलेलं फळ चोरलं. त्याला लाल दोरा बांधलेला होता, म्हणजे ते तिने बियाण्यासाठी राखलं होतं. तरी मी तोडलं. आजचा माझा वाफा त्या एका फळाचा आहे. नऊ वर्षं मी तिला चोर म्हणत आले आणि नऊ वर्षं चोरीचे टमाटे खात आले. हे लिहिताना माझी मान खाली आहे.

कलम ६. वाफा. न्हाणीमागचा वाफा, न्हाणीच्या सांडपाण्याचा पाट, खुरपं, झारी, आधाराच्या तुराट्या आणि राखेत घोळून ठेवलेली बियाण्याची बरणी चांगुणाबाईला द्यावी. प्रभूने तिथे फरशी टाकू नये. मला जावेचा पुळका आला आहे असा अर्थ कोणी काढू नये. गावात काट्यांनी रोप राखलेलं मी तिलाच पाहिलं आहे, माझ्यापुढे दुसरा इलाज नाही. अटी: शेळ्या बांधाव्यात. बी पहिल्या बहराचं धरावं, शेवटच्या सुकट्या फळांचं नव्हे. निर्मलाबाईला रोप देऊ नये.

पुरवणी, त्याच दिवशी, ओसरीवर बसून.

हा कागद मी साक्षीदारांना वाचून दाखवला. चांगुणाबाईलाही साक्षीला बोलावलं होतं, शेळीमार्फत, कारण उद्या तिने असं काही लिहिलंच नव्हतं म्हणू नये. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकत होती. अंगठ्याची वेळ आली तेव्हा संतराम म्हणाला, "ज्याला कागदात काही मिळून राहिलं, त्यानं साक्ष देऊ नये, चांगुणाबाई. वाफा घ्या, न्हाई तर अंगठा द्या."

"वाफा घेते," ती संतरामला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. नऊ वर्षांनी.

"अक्का, मला टमाटे चालत न्हाईत, व्हय ना?"

मी म्हटलं, व्हय, तसं कागदातच लिहिलंय.

"मंग मला बियानं काहून लागतं? ते दोरा बांधलेलं फळ कुंपनाला चिकटून कुनासाठी ठिवलं व्हतं म्या? बाजाराला जाताना तीनदा मोठ्यानं सांगून गेले शेळ्यांला, की आता सांजच्यालाच येते म्हनून. तुमी आपलं चोरासारखं तोडलं. मागितलं असतं तर हातात दिलं असतं."

मी संतरामकडे पेन मागितलं. त्याने ते छपराकडे बघतच दिलं.

यामुळे कलम ५ मधला चोरी हा शब्द मी खोडत आहे आणि खोडल्याबद्दल बाजूला सही करत आहे. कलम ६ मध्ये बदल असा की वाफा माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून दोघींचा. कुंपण मात्र आहे तसं ठेवावं. माझं जावेशी मिटलं आहे, शेळ्यांशी नाही.

ठिकाण: शिरड शहापूर
दिनांक: २ डिसेंबर २००७

लिहून देणार: जिवनबाई मसाजी गडदे (सही)

साक्षीदार:
१. संतराम, निवृत्त पोस्टमन (सही. भेगांची तक्रार परत मिळाली.)
२. भीमसिंग, किराणा दुकान (सही)
३. चांगुणाबाई (अंगठा दिला नाही. वाफ्याला पाणी घालायला गेली आहे.)