कौलांना पाणी घालणारा माळी

जोयडा, २१ नोव्हेंबर २०२५

प्रिय संदीप,

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी सव्वादहा. गुंद गावातल्या होमस्टेवर कौलं बसवताना झिलू छपरावरून पडला. तुझ्याच कंत्राटावरचा झिलू. कमरेचं हाड मोडलं. पुन्हा छपरावर चढायचं नाव काढू नका, असं डॉक्टर म्हणाले. तू शहाळी घेऊन दवाखान्यात गेलास, तेव्हा मला बरं वाटलं होतं. पुढचं काल कळलं.

काल त्याची बायको रक्षा विमा कंपनीचं इंग्रजी पत्र घेऊन आली. इंग्रजी वाचून घ्यायचं म्हणजे बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईंकडेच यायचं ना! मी ऐटीत चष्मा लावला आणि एका शब्दापाशी अडले. माळी. विम्याच्या कागदात तू झिलूला माळी केलंस. माळ्याच्या विम्यात छपरावरचं काम बसत नाही, म्हणून भरपाई नाही. हे मला तिच्या तोंडावर मराठीत सांगावं लागलं. तिनं माझ्या हातून पत्र परत घेतलं. मग म्हणाली, "व्हय बाई? मग आमचा मानूस कौलांना पानी घालाया चढला व्हता काय?" मला तिला चहा विचारायचंही धैर्य झालं नाही.

आणि फोनवर तू काय सांगितलंस? म्हणे, मी कन्नडात 'माळिगे' म्हटलं, वरच्या मजल्याचं काम, आणि क्लार्कनं 'माळी' ऐकलं. शाबास! एका माणसाच्या बाबतीत असं झालं असतं तर मी मानलंही असतं. पण त्या पत्रात तुझ्या कामावरचे चौघेच्या चौघे माळी? माळ्याचा हप्ता हलका, उंचावर चढणाऱ्याचा जड, एवढं मलाही कळतं. तो जड हप्ता चुकवलास म्हणूनच तुझा दर त्या दुसऱ्या कंत्राटदाराच्या, प्रशांतच्या दरापेक्षा खाली गेला आणि काम तुला मिळालं. त्या कामाचे पेढे मी घरोघर वाटले रे. झिलूच्या घरीसुद्धा.

विमा कंपनीनं हात झटकले तरी कायद्यानं भरपाई काम देणाऱ्यालाच द्यावी लागते, हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच ती पुन्हा विम्यावर ढकलायला आज सकाळी तुझ्या कामावरच्या अमोलच्या हाती तो टाइप केलेला कागद पाठवलास. त्यात काय, तर झिलू माझ्या अंगणात फांद्या छाटत होता, फणसावरून पडला, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं. खाली माझ्या सहीची जागा. अंगणात माझ्या एक जास्वंद आणि दोन केळी. फणस कुठून आणलास, संदीप? आई सही करील असं तुला वाटलं, याची लाज मला झिलूच्या पडण्यापेक्षा जास्त वाटते, आणि असं वाटावं याचीही लाज वाटते.

सही करणार नाही. सोमवारी, १ डिसेंबरला, तोच कागद घेऊन मी रक्षाबरोबर कारवारच्या कामगार कार्यालयात जाणार आहे. तिथे तुझ्याविरुद्ध बोलायची वेळ माझ्यावर आणू नकोस. झिलू छपरावरच होता आणि त्याची भरपाई मी देतो, एवढं मला शनिवारी, २९ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत लेखी हवं. फोन नको. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनं.

तुझीच,
आई